निपाणी : सीमेवरच्या एका पेठेची ओळख

सुवर्णमहोत्सवाच्या या स्मरणिकेसाठी काहीतरी उपयुक्त लिहावे, सभासदांच्या कुटुंबांना वाचूनही पाहता येईल आणि पाहूनही वाचता येईल असे काही द्यावे, अशी संपादक मंडळींची आज्ञा झाली. आमच्याकडे देण्यासारखे असते ते शाळेतलेच. दरवर्षी मुलांची सहल कोठे न्यावयाची हा प्रश्न शिक्षकांच्या खोलीत निघतो, आणि दरवर्षी तीच चार नावे पुढे येतात : एखादा किल्ला, एखादे धरण, एखादा धबधबा आणि एखादे देवस्थान. ही ठिकाणे पाहू नयेत असे आमचे म्हणणे नाही. परंतु ज्या गावच्या बाजारात आपल्या वाडवडिलांनी धान्य विकले, बैल घेतले, मुलीच्या लग्नाचा बस्ता बांधला, ते बाजारगाव पाहण्यासाठी म्हणून कोणी जात नाही. तेथे आपण खरेदीला जातो, पिशवी भरतो आणि परततो. पेठ आपण वापरतो; पाहत नाही.

म्हणून या लेखात आम्ही निपाणीची ओळख करून देणार आहोत. बेळगावहून उत्तरेस सुमारे पंचाहत्तर किलोमीटर, कोल्हापुरहून दक्षिणेस सुमारे चाळीस. पुणे–बंगळूर हमरस्ता गावाला लागूनच जातो. आगगाडी मात्र गावात नाही, त्यामुळे एस. टी., मोटार किंवा आजकाल प्रत्येकाच्या दारात असलेली दुचाकी हीच साधने. सकाळी लवकर निघावे म्हणजे उन्हाच्या आत पेठ फिरून होते आणि संध्याकाळी दिवेलागणीला घरी परतता येते.

गाव येथेच का वसले?

कोणतीही पेठ पाहताना मुलांना पहिला प्रश्न हा विचारावयास सांगावे. देऊळ डोंगरावर असते, किल्ला अवघड जागी असतो. पण पेठ नेहमी सोयीच्या जागी असते. जेथे दोन प्रकारची माणसे दोन प्रकारचा माल घेऊन भेटू शकतात, तेथे पेठ बसते.

निपाणीच्या पूर्वेस चिकोडी, अथणीकडे पसरलेला काळ्या जमिनीचा सपाट मुलूख आहे. तेथे ज्वारी, कापूस, हरभरा, तंबाखू पिके. पश्चिमेस राधानगरीवरून फोंडा घाटाने कोकणात उतरणारी वाट आहे. तिकडे भात, नारळ, मीठ, मासळी. उत्तरेस दूधगंगा आणि वेदगंगा या नद्यांचा ऊसमळ्यांचा पट्टा, आणि दक्षिणेस तवंदीचा घाट चढून संकेश्वरचा मिरचीचा बाजार. अशा चार दिशांच्या मध्ये हे गाव बसलेले आहे. नकाशा समोर ठेवून ही चार बोटे चार दिशांना दाखविली की गाव येथेच का वसले याचे उत्तर मुलांना मिळते, आणि ते पाठ करावे लागत नाही.

सोयीच्या जागेला धन्याचा आश्रय मिळाला की पेठ भरभराटीस येते. निपाणीला तो आश्रय देसाई घराण्याने दिला. पेशवाईच्या अखेरच्या काळात सिद्धोजीराव निंबाळकर, ज्यांना आप्पा देसाई निपाणीकर म्हणत, हे या मुलखातील मातबर सरदार होते. इ. स. 1803 च्या धामधुमीत आर्थर वेलस्लीच्या फौजेबरोबर जे मराठे सरदार होते त्यांत त्यांचे नाव येते. हाच वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणून जगप्रसिद्ध झाला. 1839 साली सिद्धोजीराव वारले आणि पुढे जहागीर इंग्रजांकडे गेली. 1841 साली अरब शिबंदीने निपाणीचा किल्ला बळकावला, तेव्हा कंपनी सरकारच्या फौजेने तो परत घेतला. त्या काळचे वैभव आज पूर्ववत नाही. पण निपाणीकर सरकारांच्या वाड्याचा उल्लेख गावात अजून आदराने होतो.

याच घराण्याच्या संबंधाने एक गोष्ट आमच्या वाचकांस आवर्जून सांगावीशी वाटते. पीराने पीर दस्तगीर साहेबांचा निपाणीचा उरूस या भागात प्रसिद्ध आहे. देसाई घराण्याचा त्यात मान आहे. गलेफ चढविताना आणि नैवेद्य दाखविताना कोणी जात विचारत नाही. आम्ही मुसलमान असलो तरी ही गोष्ट अभिमानाने सांगतो ती मुसलमान म्हणून नव्हे, या मातीतला माणूस म्हणून. आणि ही एकच नव्हे. जवळच आप्पाचीवाडी–कुर्ली येथे हालसिद्धनाथांची यात्रा भरते आणि तेथली भाकणूक ऐकण्यास महाराष्ट्र, कर्नाटकातून माणसे जमतात. हमरस्त्यावर तवंदीजवळ स्तवनिधी हे जैनांचे पार्श्वनाथांचे क्षेत्र आहे. पेठेला गिऱ्हाइकाची जात पाहून चालत नाही. तिच्या आसपासच्या देवस्थानांनीही हा धडा गिरविलेला दिसतो.

तंबाखू कोठून आली?

निपाणी म्हणताच तंबाखू हे नाव जिभेवर येते. ही वनस्पती मूळची आपली नव्हे. अमेरिका खंडातून ती पोर्तुगीजांच्या जहाजांवर बसून आपल्या किनाऱ्यावर उतरली. मुलांना येथे एक मजेदार इतिहास सांगता येतो. अकबर बादशहाचा वकील असद बेग विजापूरच्या आदिलशाही दरबारात आला होता. 1604 च्या सुमारास परत जाताना त्याने विजापुरात मिळालेली तंबाखू आणि नळी बादशहाला नजर केली. बादशहाने चार झुरके घेऊन पाहिले, हकिमांनी नापसंती दर्शविली, पण उमरावांना ते व्यसन आवडले. पुढे 1617 मध्ये जहांगीर बादशहाने तंबाखू पिण्यास मनाई केली. मनाई कागदावर राहिली आणि तंबाखू राज्यभर पसरली. तेव्हा उत्तरेकडच्या दरबाराला तंबाखूची ओळख झाली ती आपल्याच विजापूरमार्गे, हे ध्यानात ठेवावे.

विडीची तंबाखू आपल्याकडे मुख्यत्वे दोन भागांत पिकते. एक गुजराथेतील आणंद, नडियादच्या बाजूचा चरोतर, आणि दुसरा हा निपाणीचा पट्टा. बडोद्याच्या आमच्या आप्तांना चरोतर जवळ, आम्हाला निपाणी जवळ. या दोन मुलखांचे व्यापारी नाते जुने आहे, आणि निपाणीच्या पेठेत गुजराती व्यापाऱ्यांची नावे आढळतात त्याचे कारणही हेच.

पीक कसे येते तेही थोडक्यात सांगू. पावसाळ्यात वाफ्यात रोपे तयार करतात आणि पावसाचा जोर ओसरला की शेतात लावतात. रोप वाढून फुलावर आले की त्याचा शेंडा खुडतात, म्हणजे झाडाची ताकद फुलात न जाता पानात उतरते. मग पानांच्या बगलेतून फुटवे येतात. तेही पुन्हा पुन्हा काढावे लागतात. हे काम बोटांनी होते, आणि बहुधा बायकांच्या बोटांनी. हिरव्या पानाचा चिकट रस हातास लागतो, त्यातील विष कातडीवाटे अंगात जाऊन घेरी येते, मळमळते. थंडी सरता सरता पीक कापून शेतातच उन्हात वाळवितात. त्यानंतर पाने चुरून, चाळून, प्रत लावून माल वखारीत जातो. निपाणीस धारवाडच्या कृषी विद्यापीठाचे संशोधन केंद्र आहे आणि विडीच्या तंबाखूच्या जातींवर तेथे काम झालेले आहे.

सौदा कसा होई?

पेठ समजावयाची असेल तर सौदा समजला पाहिजे. बैलबाजारात रुमालाखालचा सौदा अजून कोठे कोठे दिसतो. घेणारा आणि देणारा यांचे हात एका रुमालाखाली असतात. बोटे दाबून आकडा सांगतात. भोवती शंभर माणसे उभी असली तरी भाव दोघांनाच ठाऊक. लांबून पाहणाऱ्यास यात गंमत वाटते. पण मुलांना असे विचारावे : ज्या सौद्यात भाव तिसऱ्याला कळत नाही, त्यात नुकसान कोणाचे होण्याचा संभव अधिक? ज्याला बाजाराची खबर आहे त्याचे, की ज्याला नाही त्याचे? मुले चटकन उत्तर देतात. उघड लिलाव, खरे वजन आणि वेळेवर पैसे यांसाठी मुंबई प्रांतात 1939 साली बाजार समित्यांचा कायदा झाला, त्याचे मर्म एवढेच आहे.

तंबाखूच्या बाबतीत मात्र शेतकऱ्याची अडचण आणखी वेगळी होती. 1943 साली सरकारने तंबाखूवर अबकारी कर बसविला. मग कोणाच्या शेतात किती झाडे, किती माल, तो कोठे ठेवला, कोणाला विकला, याचा हिशेब सरकारला देणे आले. परवान्याची वखार ज्याच्याकडे, त्याच्याकडे माल साठविण्याची सोय. शेतकऱ्याकडे ती नाही. ज्याला साठविता येत नाही त्याला लवकर विकावे लागते, आणि ज्याला लवकर विकावे लागते त्याला भाव सांगता येत नाही. व्यापारी खेड्यात येऊन माल पाही, भाव ठरवी, वजनात सूट धरी आणि पैसे हप्त्याहप्त्याने देई. कच्च्या तंबाखूवरचा हा कर 1979 साली उठला, परंतु जुनी घडी एका दिवसात मोडत नसते.

म्हणूनच 1981 चे आंदोलन झाले. त्या वर्षीच्या मार्च महिन्यात शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादक शेतकरी निपाणीजवळ हमरस्त्यावर बसले. बैलगाड्या आल्या, चुली पेटल्या, रस्त्यावरच संसार थाटला गेला. तंबाखूच्या वखारीत राबणाऱ्या बायकाही पाठिंब्यास आल्या. सुमारे तीन आठवडे हे चालले. 6 एप्रिल 1981 रोजी पोलिसांनी आंदोलकांना उठविले, गोळीबार झाला आणि शेतकऱ्यांचे बळी गेले. आज त्या हमरस्त्यावरून मोटारी भरधाव जातात. निपाणीस जाणाऱ्याने तेथे क्षणभर थांबावे आणि मुलांना सांगावे की आपल्या जेवणातल्या भाकरीप्रमाणे प्रत्येक मालाच्या भावामागे कोणाचे तरी कष्ट असतात, आणि काही वेळा कोणाचे तरी रक्तही असते.

वखार आणि सूप

शेतकऱ्यानंतर वखारीकडे वळू. वाळलेली तंबाखू चाकीत घालून चुरणे, चाळणे, पोती भरणे ही कामे वखारीत होत, आणि ती करणाऱ्या बहुतेक बायका. तंबाखूची पूड हवेत इतकी भरलेली असे की अनोळखी माणूस दारातच खोकू लागे. 1980 च्या सुमारास या बायकांनी संघटना बांधली, संप केले, मजुरी आणि माणुसकीची वागणूक मागितली. त्यांच्या लढ्यावर दीपा धनराज आणि त्यांच्या युगांतर या गटाने 1982 साली एक बोलपट केला; त्याचे नाव ‘तंबाखू चाकिला ऊब आली’. आमच्या भागातील कष्टकरी बायकांचे शब्द असे चित्रपटाचे मथळे व्हावेत, याचे कौतुक वाटते.

विडीचे काम मात्र घराघरांत चाले आणि आजही चालते. निपाणीच्या काही गल्ल्यांत दुपारच्या वेळी गेले तर उंबऱ्याशी मांडीवर सूप घेऊन बसलेल्या बायका दिसतात. तेंदूची पाने रात्री भिजवून पोत्यात गुंडाळून ठेवतात, म्हणजे ती मऊ होतात. सकाळी पत्र्याच्या मापाने आणि कात्रीने ती एकसारखी कापतात. मग कापलेल्या पानावर चिमूटभर तंबाखू, बोटांची एक गुंडाळी, एक दोऱ्याची गाठ, तोंड दुमडणे, आणि विडी तयार. पंचवीस विड्यांची एक जुडी. हिशेब हजारी विड्यांवर होतो. कारखान्यात माल दिला की तपासणारा काही विड्या खराब म्हणून बाजूस काढतो. त्याला ‘छाट’ म्हणतात. छाटीचे पैसे मिळत नाहीत, पाने मात्र तिच्याच वाटणीतून गेलेली असतात.

आमच्या शाळेतील मुलांना घेऊन आम्ही एकदा अशा गल्लीत गेलो होतो. एका मुलाने एका वृद्ध मावशींना विचारले, “मावशी, न बघता कशी वळता हो?” त्या हसून म्हणाल्या, “बाळा, चाळीस वर्सं झाली. आता डोळ्यानं नाही, बोटानं दिसतंय.” मग आमच्याकडे वळून म्हणाल्या, “सर, पोरगी धाकटी हाय, बारावीला. तिला सूप घेऊ देत नाही मी. तुम्ही शाळेतली माणसं, तुम्ही सांगा, पुढं काय करावं?” त्यांना आम्ही चार गोष्टी सांगितल्या. पण त्यांचा प्रश्न आम्ही घरी घेऊन आलो, आणि या लेखाचे खरे प्रयोजनही तोच आहे.

या बायकांसाठी कायदे झाले नाहीत असे नाही. 1966 साली विडी आणि सिगार कामगारांचा कायदा झाला. 1976 साली कल्याण निधीचा कायदा झाला आणि विडीवरच्या उपकरातून दवाखाने, मुलांना शिष्यवृत्त्या, घरासाठी मदत अशा योजना निघाल्या. 2017 साली नवी करपद्धती आली तेव्हा तो उपकर रद्द झाला. योजनांचा लाभ ओळखपत्र असणाऱ्यासच मिळतो. घरी बसून दुसऱ्याच्या नावावर विड्या वळणाऱ्या बाईपाशी ओळखपत्र असतेच असे नाही. कायदा चांगला असणे वेगळे आणि तो उंबऱ्यापर्यंत पोहोचणे वेगळे. या दोहोंमधल्या अंतरातच आपल्यासारख्या ट्रस्टचे काम असते.

रेषेच्या दोन्ही बाजूंस

निपाणी पाहणाऱ्याला सीमेचा विषय टाळता येत नाही. 1956 च्या राज्यपुनर्रचनेत बेळगाव जिल्ह्याबरोबर हे गाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले. 1973 मध्ये त्या राज्याचे नाव कर्नाटक झाले. 1966 साली नेमलेल्या महाजन आयोगाने 1967 साली आपला अहवाल दिला. त्यात बेळगाव म्हैसुराकडे ठेवावे पण निपाणी महाराष्ट्रास द्यावी अशी शिफारस होती. महाराष्ट्राने तो अहवाल मान्य केला नाही. 2004 साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. न्यायाचे काम न्यायालयाने करावे. आमचा विषय माणसांचा आहे.

रेषा कागदावर ओढली जाते, पण माणसे तिच्या दोन्ही बाजूंस राहतात. निपाणीला लागून असलेल्या अर्जुननगरात 1960 साली स्थापन झालेले देवचंद महाविद्यालय आहे. ते कोल्हापूर जिल्ह्यात, महाराष्ट्रात मोडते. निपाणीचा विद्यार्थी सकाळी कर्नाटकातल्या घरून निघतो आणि थोड्याच वेळात महाराष्ट्रातल्या वर्गात बसतो. दुपारी जेवावयास परत कर्नाटकात. बाजारात पाट्या कानडीत असतात, भाव मराठीत होतो, मोहल्ल्यात दख्खनी चालते, आणि तिन्ही भाषांना ‘काय ओ’ हा शब्द समजतो.

कोल्हापुरी चपलेचे उदाहरण येथे मार्मिक आहे. 2019 साली त्या चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले, ते महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांना मिळून. जे दोन सरकारांना भाषेच्या प्रश्नात साधले नाही ते एका चपलेने साधले. मुलांना हे सांगितले की ती हसतात. हसता हसता समजतात.

आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. 1925 च्या एप्रिलमध्ये निपाणी येथे मुंबई प्रांतिक बहिष्कृत परिषद भरली आणि तिचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाच्या दोन वर्षे आधीची ही गोष्ट. पेठेत माल येतो तसा विचारही येतो. ज्या गावात चार वाटा मिळतात तेथे माणसे जमविणे सोपे, आणि जमलेल्या माणसांपुढे नवा विचार मांडणे शक्य. बाजारगावांचे हे महत्त्व आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत पुरेसे आलेले नाही.

एका दिवसाचा बेत

आता प्रत्यक्ष सहलीविषयी. सकाळी प्रथम स्तवनिधीस थांबावे. घाटमाथ्यावरून खालचा मुलूख दिसतो आणि गाव कोठे व का वसले हे तेथूनच दाखविता येते. मग गावात येऊन जुन्या पेठेतून पायी फिरावे. मोटार बाहेर ठेवावी, कारण बाजार काचेतून दिसत नाही. शक्य तर बाजाराच्या दिवशी जावे. मुलांच्या हाती एक वही द्यावी आणि चार गोष्टी टिपण्यास सांगाव्यात : कोणता माल कोठून आला, कोणत्या गाडीतून आला, त्याची आजची किंमत काय, आणि तो येथून कोठे जाईल. चार प्रश्नांत भूगोल, गणित आणि अर्थशास्त्र तिन्ही येतात. दुकानदाराला सवडीच्या वेळी, नम्रपणे, “काका, थोडं विचारू का?” असे विचारले की तो कंटाळत नाही, उलट खुर्ची देतो. दुपारी हमरस्त्यावर 1981 ची हकीकत सांगावी. संध्याकाळी परतीच्या वाटेवर संकेश्वरी मिरचीची खरेदी घरच्या मंडळींनी करावीच. सहलीचा खर्च त्यांच्या दृष्टीने तेथेच वसूल होतो.

एक विनंती मात्र आहे. विडी वळणाऱ्या बायकांकडे तमाशा पाहावयास जातात तसे जाऊ नये. फोटो काढण्यापूर्वी विचारावे, आणि नको म्हटले तर मोबाईल खिशात ठेवावा.

मुलाचा अवघड प्रश्न

अशा सहलीत कोणी तरी चाणाक्ष मूल हमखास विचारते, “सर, तंबाखू वाईट आहे असे तुम्हीच शिकवता. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत ती विकू नये असा 2003 चा कायदाही आहे. मग या गावाचे आपण कौतुक का करतो?”

हा प्रश्न टाळू नये. तंबाखूने कर्करोग होतो, फुप्फुसे आणि हृदय बिघडते, यात शंका उरलेली नाही. जगातील राष्ट्रांनी 2003 साली तंबाखू-नियंत्रणाचा करार केला आणि 2004 मध्ये भारताने त्याला मान्यता दिली. तंबाखू कमी व्हावी हेच योग्य. परंतु कमी होणार ती कोणाच्या ताटातून, हे पाहिले पाहिजे. पाण्याची सोय झाली तेथे शेतकरी उसाकडे वळला. निपाणीचा हालसिद्धनाथ सहकारी साखर कारखाना त्याची साक्ष आहे. व्यापाऱ्याने पैसा दुसऱ्या धंद्यात घातला. मांडीवर सूप असलेल्या बाईपाशी मात्र ना जमीन, ना भांडवल. तिच्यापाशी दहा बोटे आहेत आणि एकच विद्या. व्यसनाचा आम्ही निषेध करतो, कष्टकऱ्याचा नाही. जो धंदा जावा असे आपण म्हणतो, त्या धंद्यात राबलेल्या माणसांची पुढची सोय पाहणे हे आपलेच कर्तव्य ठरते. आमच्या घरी जकात देताना वडील सांगत, देणाऱ्याचा हात वर असतो म्हणून त्याने मान खाली ठेवावी. दान आणि कर्तव्य यांतला हा फरक प्रत्येक धर्मातील शहाण्या माणसांनी ओळखलेला आहे.

तेव्हा आमची एक सूचना आहे. ट्रस्टच्या शिष्यवृत्त्यांत विडी आणि तंबाखू कामगारांच्या मुलींसाठी काही जागा राखाव्यात. त्या फीपुरत्या नसाव्यात. बारावीनंतर परिचारिका, शिक्षिका, हिशेबनीस, संगणक या शिक्षणाचा पूर्ण खर्च आणि जाण्यायेण्याचे भाडे त्यांत धरावे. कारण घरात सूप ठेवून मुलगी बाहेर पडते तेव्हा फीपेक्षा बसभाडे आणि बुडालेली मजुरी यांचाच हिशेब आई करते. अर्ज भरून देण्यासाठी आणि ओळखपत्राची कामे करून देण्यासाठी सुटीच्या दिवशी दोन-तीन सभासदांनी गल्लीत जाऊन बसावे. आमच्यासारखे मास्तर या कामास कधीही तयार आहेत. जातीचा, धर्माचा, आणि रेषेच्या अलीकडचा की पलीकडचा, असा विचार यात नसावा. पेठेनेही तो कधी केलेला नाही.

पुढील सहल निपाणीस न्यावी अशी सर्व कुटुंबांस शिफारस करून, आणि ट्रस्टच्या कार्यास अशीच बरकत येवो अशी प्रार्थना करून, हा लेख पुरा करतो.